पाण्यातला व्हॉलीबॉल: आधी खोली मोजा, मग जाळं बांधा

बडोद्यात मे महिना लागला की तरण तलावाच्या बॅचमध्ये कुणीतरी चेंडू घेऊन येतंच आणि ‘चला, वॉटर पोलो खेळू’ म्हणतं. पोलो हा उथळ पाण्याचा खेळ नव्हे. त्यात गोलकीपर सोडून कुणीही तळाला पाय टेकवायचा नसतो. पाय टेकवून खेळलात तर उरते ती निव्वळ ढकलाढकली. कंबरभर पाण्यात खेळायचा तो व्हॉलीबॉल. फक्त मैदानावरचे हिशेब पाण्यात जसेच्या तसे चालत नाहीत.

सगळ्यात मोठा हिशेब खोलीचा. ५ फूट ७ इंच उंचीच्या माणसाने हात वर केला की बोटं साधारण ७ फुटांवर जातात. पाणी साडेतीन फूट असेल तर पाण्यावर त्याची साडेतीन फूट पोच उरते. जाळ्याची वरची दोरी पाण्यापासून ३ फुटांवर बांधली तर उडी न मारताही बोटं जाळ्याच्या वर सहा इंच. तोच माणूस साडेचार फूट पाण्यात उभा केला की बोटं जाळ्याच्या सहा इंच खाली, आणि पाणी खांद्याशी आल्याने उडीही धड निघत नाही. बहुतेक तलावांचा तळ लांबीच्या दिशेने उतरता असतो आणि जाळं आडवं बांधलं जातं, कारण तेच सोपं पडतं. मग एक संघ उथळ बाजूला मजेत स्मॅश मारतो आणि दुसरा गटांगळ्या खात बसतो. खेळ एकतर्फी झाला की लोक खेळाडूंना नावं ठेवतात. दोष असतो तळाच्या उताराचा.

जाळं लांबीच्या दिशेने बांधलं तर उथळ आणि खोल पाणी दोन्ही संघांना सारखं वाटून येतं. पण २५ मीटर लांब दोरी कितीही ताणा, मधोमध झोळ पडतोच. म्हणून शिकाऊंचा सपाट तळाचा वेगळा हौद मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तर आडवं जाळं उथळ टोकाच्या शक्य तितकं जवळ घ्या आणि दर ५ गुणांनी बाजू बदला. १५ गुणांच्या डावात एवढं पुरतं. लालबागचा तलाव काय किंवा सरदारबागेचा काय, खोलीच्या पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. काठी बुडवून मोजा, आणि चेंडूला परवानगी आहे का ते आधी विचारा. साधारण बॅचमध्ये चेंडू नकोच. तीन फुटांपेक्षा कमी पाण्यात मोठ्यांनी खेळू नये. चेंडूमागे सूर मारला की गुडघे आणि तळवे फरशीवर सोलवटतात आणि डोकं आपटण्याची भीती असते.

जाळं बॅडमिंटनचं घ्या. त्याची उभी रुंदी ७६ सेंटिमीटर, म्हणजे वरची कड पाण्यापासून ९० सेंटिमीटरवर ठेवली तर खालची कड पाण्याच्या बोटभर नव्हे, चांगली १४ सेंटिमीटर वर राहते. व्हॉलीबॉलचं जाळं मीटरभर रुंद असतं. ते पाण्यात लोंबतं आणि त्यात हात-पाय अडकतात. बॅडमिंटनच्या जाळ्याची लांबी ६.१ मीटर, तेवढंच मैदान रुंद धरा. मैदानाची लांबी जाळ्याच्या प्रत्येक बाजूला ४ ते ५ मीटर आणि खेळाडू चार-चार. मैदानावरच्या ९ मीटरच्या चौकोनाचा मोह नको. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, त्यात दोन पावलं सरकायलाही वेळ लागतो.

दोरी नायलॉनची नको. भिजली की सैल पडते आणि अर्ध्या डावात जाळं पोट काढतं. पॉलिप्रॉपिलीनची निळी-पिवळी दोरी पाणी पीत नाही, वर तरंगते. खांबासाठी २० लिटरच्या रंगाच्या बादलीत पाच फुटी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा करून काँक्रीट भरा. सुकल्यावर एक बादली ४५ किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती दोघांनी उचला. एवढं वजनही पुरत नाही. ताण पाइपच्या टोकाला येतो आणि बादली तलावाकडे कलते, म्हणून काठापासून दोन-तीन फूट मागे ठेवून पाठीमागून ताणदोरी द्यायचीच. शिडीच्या दांड्याला दोरी बांधणाऱ्यांनी शिडी दुरुस्तीचे पैसे तयार ठेवावेत.

चेंडू बीच व्हॉलीबॉलचा. नेहमीचा २६० ते २८० ग्रॅमचा चेंडू भिजून जड होतो आणि मनगटावर चट्टे उठवतो. बीचचा चेंडू पाणी कमी शोषतो, त्यात हवाही कमी भरायची असते: ०.१७५ ते ०.२२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, नेहमीच्या चेंडूत ०.३० ते ०.३२५. फुगवायचा खेळण्यातला चेंडू वाऱ्यावर कुठेही जातो. आणि केसांना खोबरेल चोपडून येणाऱ्यांना आधी शॉवरखाली पाठवा. चेंडूला तेल लागलं की बोटांवर उचलणं संपलं.

नवखे हात पाण्याखाली ठेवून उभे राहतात. चेंडू येईपर्यंत ते हात बाहेर काढणं म्हणजे अर्धा सेकंद गेला. कोपर पाण्याबाहेर, एक पाय पुढे, गुडघे जरासे वाकलेले. सर्व्हिस खालून मारा. ओल्या बोटांवरून चेंडू फिरतोच, त्यामुळे दुहेरी स्पर्शाबाबत मैदानावरचा कडकपणा नको.

हुतूतूचे नियम हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली बडोद्यातच छापले, पण पाण्यातल्या व्हॉलीबॉलला सर्वमान्य अशी एकच नियमावली नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी तीन गोष्टी ठरवा: चेंडू पाण्याला टेकला की मेला, जाळ्याला हात लागला की गुण गेला, आणि मुद्दाम तोंडावर पाणी उडवलं तरीही गुण गेला. तुषारांत चेंडू टेकला की नाही ते खेळणाऱ्याला दिसत नाही, तेव्हा पंच काठावर, जाळ्याच्या रेषेत हवाच.

साडेचार फुटांच्या रेषेवर तरंगती दोरी टाका. त्यापलीकडे गेलेला चेंडू फक्त ठरलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाने आणायचा. तळाची फरशी स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी खेळ नाही, कारण गढूळ पाण्यात खाली गेलेला माणूस दिसत नाही. अंगठ्या, साखळ्या, घड्याळं काढून ठेवा. नदीचा विचारही नको: विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि महीचा तळ दोन पावलांत कंबरेवरून गळ्याशी नेतो.

खेळ संपला की जाळं आणि चेंडू गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. दोरीवर हात फिरवल्यावर कुसं टोचायला लागली की ती बदला.