तुम्ही विचारलंत म्हणून : तुमच्या वस्तीचा रस्ता तुटक रेघेत का?

‘डांबर पडलं, तरी तुमच्या ओपनस्ट्रीटमॅपवर आमचा रस्ता तुटकच कसा?’ होटगी, मंद्रूप, कुठंही गेलो तरी कोणीतरी मोबाइल पुढं करतंच. पाठोपाठ, ‘ह्याचे पैसे किती मिळतात?’ एक दमडी नाही; हा आमच्यासारख्या हौशी लोकांनी मिळून इंटरनेटवर काढलेला, कुणालाही दुरुस्त करता येणारा नकाशा. आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

डांबराचा रकाना वेगळा, रस्त्याच्या वर्गाचा वेगळा. गावाला गाव जोडत असेल तर ‘अनक्लासिफाइड’, घरांमधून जात असेल तर ‘रेसिडेन्शियल’, शेतात जाण्यापुरताच असेल तर ‘ट्रॅक’, म्हणजे ती तुटक रेघ. ही उतरंड इंग्लंडातली. प्रकल्प तिथंच २००४ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे राज्य मार्गापासून ग्रामीण मार्गापर्यंत ती ओढूनताणून बसते. खाली पाणंदीपाशी आलं की घोडं पेंड खातं, कारण आपली माणसं शेतातच वस्ती करून राहतात. उसाची ट्रॉली जिथून निघते तिथूनच पोरं सायकलवर शाळेला. मग तो शेतरस्ता की घरचा?

दक्षिण सोलापुरातल्या अशाच एका पाणंदीला मी ‘रेसिडेन्शियल’ लावलं होतं. टोकाला घरं होती, सकाळी दुधाचा टेम्पो येत होता. पुढं भावकीत बिनसलं. एकानं बांधालगतची वाट नांगरून वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. वस्तीवाले अडवलेली वाट मोकळी करून मागायला मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे गेले, सोबत माझ्या नकाशाची रंगीत प्रिंट घेऊन.

नांगरणारा थेट जुळे सोलापुरात माझ्या घरी आला. चहाला हात लावला नाही. “मालक, तलाठ्याच्या गावनकाशात इथं तुटक रेघसुद्धा न्हाय. तुमच्यात रस्ता कुठून आला?”

मी लॅपटॉप उघडून उपग्रहाचं चित्र दाखवलं. काळ्या रानात चाकांच्या दोन फिक्या रेघा, मधे गवताची पट्टी. तो वाकून बघत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, “ही चाकोरी माझ्याच गाडीची हाय. माझ्या रानात मी गाडी न्यायची न्हाय व्हय?”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो, नकाशा जमिनीवर दिसतं ते दाखवतो, हक्क दाखवत नाही. हक्क तहसीलदार जागेवर येऊन ठरवतील. आजही तेच सांगतो. पण ती प्रिंट बघणाऱ्याला हे कोण सांगणार? आणि रेघ काढली नसती, तर टेम्पोवाल्यानं वस्ती शोधायची कशी?

शेवटी रेघ ठेवली, वर्ग ‘ट्रॅक’ केला. खाजगी की सार्वजनिक, तो रकाना मोकळा सोडला. वस्तीवाल्यांचा फोन आला, “आमचा रस्ता घालवला तुमी.” भित्रेपणा म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही. मग कोणा लांबच्या माणसानं वरून छपरं पाहून पुन्हा ‘रेसिडेन्शियल’ केलं. मी उलटवलं. त्यानं पुन्हा केलं. आमचं अजून चालूच आहे.

तुमचा रस्ता बदलायचा असेल तर मला डांबर सांगू नका. एसटी येते का, आणि दुधाचा टेम्पो पुढच्या गावाला निघतो की तिथूनच मागं वळतो, तेवढं सांगा.