लाल दिवा, काळा पडदा

ताई आल्या त्याच निदान ठरवून. "कॅसेटची बॅटरी गेलीय, तेवढी बदलून द्या." टेबलावर सुपर निन्टेन्डो हे व्हिडिओ गेमचं यंत्र, गेमची एक कॅसेट आणि चारदा घडी घातलेलं वहीचं पान.

कॅसेट 'रॉक एन रोल रेसिंग'ची होती, १९९३ सालची. म्हटलं, खेळ कुठवर आला हे जपणारी बॅटरी हिच्यात नसतेच. गाडी कुठली, इंजिन कितवं, खिशात पैसे किती, हे सगळं हा गेम पासवर्डात बांधून हातात देतो. ताईंनी ते पान उलगडलं. पेन्सिलीनं लिहिलेले पासवर्ड, काही खोडलेले, एकापुढे 'दादाचा, हात लावू नये'.

तक्रार साधी होती. दिवा लाल लागतो, पडदा काळाच राहतो.

काळा पडदा म्हटलं की शंभरातले नव्वद वेळा मळ निघतो. (हा आकडा माझ्या हाताचा, कुठे मोजलेला नाही.) कॅसेट उघडली, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पट्ट्या घासल्या, लावली. काळा. माझी तपासणीची कॅसेट लावली, तीही काळी. मग कॅसेट बसते त्या ६२ पिनांच्या खाचेवर संशय धरला आणि पुढचा दीड तास तिथेच घालवला. एकेक पिन साफ, एकेक जोड तपासलेला. फ्यूज शाबूत, पाच व्होल्ट देणाऱ्या ७८०५ या चिपच्या पायावर पाच व्होल्ट चोख. पडदा काळा तो काळाच.

तारांतली विजेची हालचाल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप खरं तर आधीच काढायला हवा होता. पण सवयीचा बैल ओळखीच्याच वाटेनं जातो. प्रोसेसर मेमरीतली कुठली जागा वाचतोय ते सांगणाऱ्या, पत्त्यांच्या तारांवर प्रोब टेकवला आणि चाट पडलो. प्रोसेसर मेलेला नव्हता. कॅसेट ओळखणाऱ्या लॉकआउट चिपनं अडवलं असतं तर तो रीसेटमध्येच गप्प पडून राहिला असता. हा तर धावत होता. फक्त एकाच जागी, तेच ते चार पत्ते पुन्हा पुन्हा वाचत.

म्हणजे हा कुणाची तरी वाट बघतोय.

या यंत्रात आवाजाचा संसार वेगळा आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर, एसपीसी७००, आणि स्वतःची ६४ किलोबाइट मेमरी. यंत्र चालू झालं की त्याच्या पोटातला ६४ बाइटचा इवलासा प्रोग्रॅम दोन पोर्टांवर दोन आकडे ठेवतो, सोळाच्या पद्धतीत लिहिले तर एए आणि बीबी. 'मी जागा आहे, पाठवा सामान' एवढाच त्याचा अर्थ. गेम आधी ही हाक ऐकतो आणि मगच चाली, ढोल, बोलणं पलीकडे पाठवतो. हाक आलीच नाही तर बहुतेक गेम तिथेच ताटकळतात. दार वाजवायचं, थांबायचं, पुन्हा वाजवायचं. किती वेळ वाजवायचं हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

सुरुवातीच्या मॉडेलांत हा आवाजाचा भाग पत्र्याच्या डबीत असतो आणि पिनांवर खोचलेला असतो. डबी ओढली. पिनांवर काळपट थर, आणि एक पिन तर दाढेसारखी तिरकी. सरळ केली, घासली, खोचली. पाच मिनिटांचं काम.

आणि गेम बोलायला लागला. खरंच बोलतो तो. समालोचन लॅरी हफमनचं, मोटोक्रॉसच्या शर्यतींत माईक गाजवणारा माणूस. मागे डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या चाली. आवाजाच्या लहरीचे १६ नमुने ९ बाइटांत दाबून बसवायचे, असल्या काटकसरीत हे सगळं मावलंय. ज्यांनी हे केलं ती सिलिकॉन अँड सिनॅप्स कंपनी पुढे ब्लिझर्ड झाली. मला विचाराल तर या गेमचा अर्धा जीव त्या बडबडीत आहे. तिरप्या नजरेनं दिसणारा ट्रॅक, चार गाड्या, गोळ्या, सुरुंग, सांडलेलं तेल ही गंमत आहेच. पण तुमची गाडी फुटल्यावर एक माणूस आनंदानं ओरडतो, त्याची सर कशाला नाही.

दुरुस्तीनंतर यंत्र तासभर चालवून बघायचं हा माझा नियम. ताईंनी दुसरा कंट्रोलर उचलला. मी जिंकलेले पैसे इंजिनात घातले, त्यांनी चिलखतात. "दादा पण इंजिनच घ्यायचा," त्या म्हणाल्या, "आणि रडायचा." तिसऱ्या शर्यतीत मी पुढे होतो. शेवटच्या वळणाआधी त्यांनी मागून उरलेल्या सगळ्या गोळ्या झाडल्या. माझं वेगवान इंजिन तुकड्यातुकड्यांनी ट्रॅकवर पसरलं आणि हफमनसाहेबांना कोण आनंद झाला!

पानावरचा एक पासवर्ड मात्र लागेना. मधलं एक अक्षर घडीत पुसलं होतं. 'हात लावू नये' वालाच. ताईंनी त्याचा फोटो काढून दादाला पाठवला.

जाताना पावती वाचून त्या थबकल्या. मी लिहिलं होतं, 'आवाजाचा भाग काढून साफ केला, पिन सरळ केली.'

"अहो, पण आवाजाची तक्रार कुठे होती? मला दिसत नव्हतं!"

मी यंत्र पुन्हा पिशवीतून बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि ती डबी दाखवत पहिल्यापासून सांगायला बसलो.