वूच शहराच्या नावात पौंड कुठून आला?

पोलंडमध्ये मी राहतो ते शहर आपल्याकडच्या नकाशात ‘लोड्झ’ म्हणून सापडेल. इथले लोक त्याला ‘वूच’ म्हणतात. नावात अक्षरं चारच, आणि त्यातली तीन खास पोलिश: पोटातून तिरकी रेघ गेलेला एल, डोक्यावर रेघ असलेला ओ आणि तसाच झेड. त्यामुळे संगणकात जरा काही बिनसलं की पहिला बळी आमच्या शहराचा. एखाद्या बिलावर नाव चक्क ब्रिटिश पौंडाच्या चिन्हाने सुरू होतं आणि डोक्यावर दोन टिंबं असलेल्या वायने संपतं. मधले ओ आणि डी मात्र शाबूत!

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो; कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे तक्ता ठरवतो. विंडोजच्या मध्य युरोपीय तक्त्यात, म्हणजे १२५० मध्ये, १६३ म्हणजे रेघवाला कॅपिटल एल. पश्चिम युरोपच्या १२५२ मध्ये तोच १६३ म्हणजे पौंड. ओचा आकडा दोन्हीकडे २४३, म्हणून तो वाचतो. फाईल धडधाकट असते, उघडणाऱ्याने तक्ता भलताच लावलेला असतो.

बरं, पोलिशसाठी तरी एकच तक्ता असावा की नाही? विंडोजआधीच्या डॉसचा ८५२ होता, पोलंडचा स्वतःचा ‘माझोव्हिया’ होता, मग आंतरराष्ट्रीय मानकाचा आयएसओ ८८५९-२ आणि विंडोज १२५०. शेवटच्या दोघांत नऊ खास पोलिश अक्षरांपैकी सहांचे आकडे सारखे, पण शेपटीवाला ए, रेघवाला एस आणि रेघवाला झेड यांचे वेगळे. म्हणून आयएसओमधला मजकूर विंडोजच्या तक्त्याने वाचला की एच्या जागी अधिक-उणेचं चिन्ह उगवतं.

आता सगळ्या भाषांसाठी एकच असलेलं यूटीएफ-८ आलं, तरी कटकट संपलेली नाही. त्यात प्रत्येक खास पोलिश अक्षर दोन बाइट, म्हणजे दोन आकडे घेतं, त्यामुळे चुकीच्या तक्त्याने वाचलं की एका अक्षराची दोन विचित्र चिन्हं होतात. लक्षणावरून रोग ओळखता येतो: एका अक्षराच्या जागी एक चिन्ह म्हणजे जुन्या तक्त्यांचा घोळ, एकाच्या जागी दोन म्हणजे यूटीएफ-८ चा. दोन्ही बहुधा दुरुस्त होतात. पण साठवतानाच अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं असेल, तर मूळ आकडाच गेला; मग अंदाजाने भरायचं.

आपल्या जुन्या मराठी फॉन्टांची गोष्ट उलटी होती. फाईलमध्ये आकडे रोमन अक्षरांचेच, फॉन्ट त्यावर देवनागरी काढायचा. फॉन्ट नसला की रोमन गिचमिड.

या एलची आणखी एक खोड आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ ज्यावर चालतं त्या अक्षरांच्या यादीत, ओ आणि त्याची रेघ सुटी करता येते, एलची रेघ मात्र अंगातच मुरलेली. चिन्हं गाळणाऱ्या काही प्रोग्रॅमांना तो साधा करता येत नाही, मग ते अख्खा एलच टाकून देतात आणि शहराचं नाव ओपासून सुरू होतं.

तेव्हा घरून पार्सल पाठवणाऱ्यांनो, शहराचं नाव साध्या रोमन एल, ओ, डी, झेडमध्ये लिहा. पोस्टाचा कोड मात्र नीट घाला: आधी दोन आकडे, मग आडवी रेघ, मग तीन.