केळ्याचा वास आणि आग्या मोहोळ

एस्टरचं, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोलपासून बनणाऱ्या, बहुधा सुवासिक संयुगाचं, प्रात्यक्षिक घ्यायला मला मनापासून आवडतं. वर्षभर वहीत मेकॅनिझमचे, म्हणजे अभिक्रिया कशी घडते ते दाखवणारे, बाण काढून कंटाळलेल्या बी.एस्सी.च्या मुलांना इथे रसायनशास्त्र थेट नाकाने कळतं. त्या दिवशी आयसोअमाइल अ‍ॅसिटेट करायचं होतं, केळ्याच्या इसेन्समधला मुख्य घटक.

प्रत्येक गटाला १५ मिली आयसोअमाइल अल्कोहोल, २० मिली ग्लेशियल (जवळपास पाणी नसलेलं) अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि अगदी हळूहळू घालायचं ४ मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. तयार होणारं पाणी एस्टरला पुन्हा फोडतं. म्हणून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड मोलच्या हिशेबात, म्हणजे रेणूंच्या संख्येत, अल्कोहोलच्या अडीच पट घ्यायचं. तासभर रिफ्लक्स झाला, म्हणजे मिश्रण उकळत ठेवून वाफ गार करून परत त्यातच सोडली. तोवर प्रयोगशाळेत व्हिनेगरचा झोंबरा वास होता. मग गार केलेलं मिश्रण सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे करायच्या, खाली नळ असलेल्या भांड्यात) सोडियम बायकार्बोनेटने धुतलं. फसफस झाली, मुलांनी फनेल उलटं धरून, नळ उघडून वायू सोडला. उरलेलं अ‍ॅसिड क्षार होऊन खालच्या पाण्यात उतरलं आणि वरच्या थरातून पिकल्या केळ्याचा वास दरवळला. हा क्षण दरवर्षी येतो, तरी दरवर्षी मी त्याची वाट बघते.

सगळे हसत-खिदळत असताना मागच्या टेबलावरचा एक मुलगा गडबडीने खिडक्या लावू लागला. महाबळेश्वरकडचा, एरवी वर्गात फारसं न बोलणारा. म्हणाला, "मॅडम, हा वास बाहेर जायला नको. माशी डसली की अस्साच वास येतो. वर टाकीखाली आग्या मोहोळ आहे."

मोहोळ मीही रोज बघत होते. धुरांड्याच्या पंख्याचं तोंड त्याच बाजूला उघडतं.

त्या मुलाच्या घरी सातेरीच्या, म्हणजे पाळता येणाऱ्या मधमाश्यांच्या, पेट्या आहेत, वडील मधपाळ. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं. त्याने सांगितलं, काटा कातडीत रुतून राहतो, वास तिथेच राहतो आणि बाकीच्या माश्या नेमक्या त्याच जागी येतात. म्हणून काटा लगेच नखाने खरवडायचा आणि धूर करायचा. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पुढचं मी सांगितलं: १९६२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मधमाशीच्या नांगीतून निघणारा हा धोक्याचा इशारा ओळखला, तो हाच रेणू, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. आमच्या फनेलमध्ये तो मिलीलिटरांत होता. माशीला मायक्रोग्रॅमही पुरतात.

त्याच्या वडिलांना रेणूची रचना ठाऊक नसेल, पण त्याचं काम ते माझ्यापेक्षा कितीतरी नेमकं जाणतात. हे मी वर्गात बोलून दाखवलं. मुलगा लाजला, मला मात्र फार बरं वाटलं.

१४२ अंशांवरचं ऊर्ध्वपातन त्या दिवशी केलंच नाही. कच्चा एस्टर घट्ट बुचाच्या बाटल्यांत भरला. धुवणाचं पाणी बेसिनमध्ये न ओतता प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांनी झाकणाच्या कॅनमध्ये घेतलं. माश्या निवल्यावर, अंधार पडल्यानंतरच पंखा लावून खोली मोकळी केली.

आता प्रात्यक्षिकाच्या कागदावर एक सूचना आहे, त्या मुलाच्याच शब्दांत: "आधी वर बघा. मोहोळ असेल तर केळं नको." मोहोळ असेल तेव्हा आम्ही सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि मिथेनॉल घेऊन दुसराच एस्टर करतो, आणि प्रयोगशाळेला दुखऱ्या गुडघ्यांच्या मलमाचा वास येतो.