खाडीपुलावरच्या भेगा: मॉडेलआधी मिलिमीटर

काँक्रीटच्या भेगा फोटोतून शोधायच्या म्हटलं की चर्चा थेट ‘मॉडेल (भेगा ओळखायला शिकवलेला संगणक प्रोग्राम) कोणतं?’ यावर येते. कोकणात काम बिघडतं ते त्याच्या आधी, फोटो काढतानाच.

काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० याप्रमाणे साधारण ठिकाणी ०.३ मिमीपर्यंतची भेग चालते. किनाऱ्यावरचं उघडं काँक्रीट मात्र ‘सिव्हिअर’ (तीव्र परिस्थिती) गटात येतं, आणि तिथं मर्यादा ०.१ मिमी. भेग भरवशाने पकडायची तर तिच्या रुंदीत निदान तीन पिक्सेल हवेत. म्हणजे ०.३ मिमीच्या भेगेसाठी एक पिक्सेल ०.१ मिमीचा, आणि ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोत जेमतेम ४० × ३० सेंमीचा तुकडा मावतो. दीड मीटर व्यासाच्या, सहा मीटर उंच खांबाला ३० टक्के ओव्हरलॅप धरून पाचशेच्या आसपास फोटो लागतात. ०.१ मिमीसाठी हा आकडा नऊपट होतो, म्हणून तेवढ्या जवळून फक्त भरती-ओहोटीचा पट्टा आणि गंजाचे डाग असलेली जागा घ्यावी. लांबून अख्खा खांब टिपून ‘भेगा आढळल्या नाहीत’ लिहिणाऱ्या अहवालाला काही किंमत नाही.

पावसाळ्यानंतर पृष्ठभागावर काळं शेवाळ असतं. ते नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेच्या ब्रशचे ओरखडे मॉडेल भेगा म्हणून मोजतं. धुतल्यावर पृष्ठभाग वाळतो, पण भेगेत पाणी टिकतं आणि ती काळी उठून दिसते. शोधायला हीच वेळ उत्तम. रुंदी मात्र तेव्हा मोजू नये, कारण कडांची ओल रुंदी फुगवते. त्यासाठी पूर्ण सुकल्यावर, शेजारी मोजपट्टी चिकटवून, कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात धरून वेगळा फोटो घ्यावा.

एसडीनेट२०१८ या काँक्रीटच्या फोटोंच्या खुल्या संचात २५६ × २५६ पिक्सेलच्या ५६ हजारांहून जास्त प्रतिमा आहेत, पण त्यांवर फक्त ‘भेग आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच खूण आहे. रुंदी हवी तर भेगेचा पिक्सेलन् पिक्सेल रंगवलेले आपले फोटो लागतात. त्यावर यू-नेट (प्रत्येक पिक्सेल भेगेचा की नाही हे ठरवणारं मॉडेल) पुरतं. भेगेचे पिक्सेल फार थोडे असल्यामुळे नुसत्या क्रॉस-एंट्रॉपीवर (शिकताना पिक्सेलगणिक चूक मोजायचं नेहमीचं सूत्र) मॉडेल ‘सगळं ठीक’ म्हणायला शिकतं. जोडीला डाइस लॉस द्या; ते सूत्र रंगवलेली भेग आणि मॉडेलने दाखवलेली भेग किती जुळतात हे मोजतं. शटरिंगच्या फळ्यांचे सांधे, पाण्याचे ओघळ, मिठाच्या कडा, कोळ्याची जाळी, भिंतीवर चढलेल्या मुळ्या यांचे भेग नसलेले फोटो मुद्दाम भरपूर घाला. आणि चाचणीचा पूल प्रशिक्षणात येऊ देऊ नका. एकाच खांबाचे तुकडे दोन्हीकडे वाटले की आकडे छान येतात आणि पुढच्या पुलावर सगळं कोसळतं.

रुंदीसाठी मास्कची (मॉडेलने भेग म्हणून रंगवलेल्या भागाची) मधली रेषा काढायची, त्या रेषेवरचं कडेपर्यंतचं अंतर दुप्पट करून पिक्सेलच्या मापाने गुणायचं. दोन्ही कडांना एकेक पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी तीन पिक्सेलच्या भेगेत केवढी चूक होते पाहा! म्हणून काही ठिकाणी क्रॅक-विड्थ कार्ड (वेगवेगळ्या जाडीच्या रेषा छापलेलं कार्ड) लावून ताळा घ्यावाच.

भेग कशामुळे पडली, हे मॉडेल सांगत नाही. भेग सळईला समांतर धावत असेल आणि तपकिरी डाग असेल, तर बहुधा खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड आत पोचून सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतं. तिथं हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का पाहावं, कव्हर मीटर (या थराची जाडी मोजणारं यंत्र) आणि हाफ-सेल (सळई गंजत असण्याची शक्यता विद्युत विभवावरून तपासणारी) चाचणी करावी. अशा भेगेवर सिमेंटचा लेप फासला की पुढच्या फोटोत मॉडेलला खांब साफ दिसेल, आतला गंज मात्र चालूच राहील.