पांढरी अक्षरं, नारिंगी पट्टी आणि माझे तेवीस दिवस

वेबसाइट बनवायला मला अकरा दिवस लागले. एका पट्टीचा रंग मंजूर करून घ्यायला तेवीस. हे लिहितानाही डोकं तापतंय, आणि त्याचा दोष नागपूरच्या मे महिन्याला देता येणार नाही.

काम एका पतसंस्थेचं. नाव सांगत नाही, बिलाचा दुसरा हप्ता यायचा आहे. सभासद बहुतेक निवृत्त. कोणाला मोतीबिंदू, कोणाला काचबिंदू, कोणाचा शुगरने पडदा खराब झालेला. म्हणून कमी दिसणाऱ्यांनाही वापरता येईल अशी साइट करू, असं मीच सुचवलं आणि अध्यक्षांनी "हो जी, पुण्याचंच काम आहे" म्हणून मान डोलावली. तोंडी. इथेच चुकले. असं काम घ्याल तर रंग, फॉन्ट आणि अक्षरांचा आकार, तिन्हींवर आधी सही घ्या.

संस्थेचा रंग नारिंगी. नागपुरात दुसरा कुठला असणार म्हणा. जुन्या साइटवर बटणं नारिंगी, व्याजदराची पट्टी नारिंगी आणि अक्षरं पांढरी, तीही सडपातळ. मोजलं तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निघाला २.६ ला १. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जे जागतिक निकष आहेत, त्यांच्या एए या मधल्या पातळीत साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो आणि मोठ्या अक्षरांना ३. म्हणजे अक्षरं कितीही फुगवा, नापासच. नारिंगी तोच ठेवून अक्षरं काळी केली की आकडा थेट ८ वर जातो. दोन मिनिटांचं काम होतं ते.

अध्यक्षांच्या केबिनमध्ये पडदे ओढलेले, एसी सुरू, टेबलावर भलीमोठी स्क्रीन. "मला तर मस्त दिसून राहिलं मॅडम." मी निकष दाखवले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दाखवला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला केवायसीच्या प्रकरणात म्हटलंय, तेही सांगितलं. ते म्हणाले, "ते बँकांचं झालं. आपली पतसंस्था आहे." आणि मग खरं कारण आलं. "काळा नको. शुभकामात काळा कोणी लावते का?"

पुढची मीटिंग पुढच्या गुरुवारी. त्या गुरुवारी कोरम नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी एका संचालकांनी वेगळाच मुद्दा काढला, की वर कोपऱ्यात अक्षरं लहान-मोठी करणारं 'अ'चं बटण ठेवू, ज्याला दिसत नाही तो दाबेल. अहो, तो 'अ' शोधायलाही दिसावं लागतं! शिवाय ज्याला खरंच कमी दिसतं त्याने फोनमध्ये अक्षरांचा आकार आधीच वाढवून ठेवलेला असतो. साइटने त्याच्या आड येऊ नये, एवढंच काम. यावर सगळे गप्प झाले आणि चहा आला.

मी चिडून बाहेर आले, वॉचमनच्या खुर्चीजवळ उन्हात उभी राहिले आणि अध्यक्षांनाच खाली बोलावलं. म्हटलं, इथे फोनवर बघा. पट्टीवर काहीही दिसत नव्हतं, त्यांनाही नाही. मला वाटलं, जिंकले. ते म्हणाले, "ब्राइटनेस वाढवा ना."

त्या संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात काकांकडे गेले. काका त्याच संस्थेचे सभासद, शिक्षक होते. पडद्याच्या आजाराने त्यांची नजर मध्यभागी गेली आहे. "मधातलं गायब, कडेकडेचं दिसते," असं ते सांगतात. फोन डाव्या कानाकडे नेतात, मान वाकडी करतात आणि कोंबडी दाणा बघते तसं एका बाजूने बघतात. जुनी साइट उघडून दिली. व्याजदराच्या पट्टीवर बराच वेळ मान फिरवून म्हणाले, "पंच्याऐंशी टक्के? काय करून राहिले बाप्पा हे लोक?"

लिहिलेलं होतं ८.५. नारिंगीत बुडालेलं ते पांढरं टिंब त्यांना दिसलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी एवढंच सांगितलं. निकष नाही, कायदा नाही. तेव्हा कोपऱ्यात फाइल घेऊन उभे असलेले कॅशियर हळूच म्हणाले, "साहेब, मागच्या महिन्यात काउंटरवर दोघे हेच विचारत होते." खोलीत शांतता. मग अध्यक्ष, "काळा नकोच. पण... चॉकलेटी चालेल." मी तिथेच लॅपटॉपवर अक्षरांना गडद चॉकलेटी टाकला. ५.८. पास!

आणखी एक. लोगोला हा कॉन्ट्रास्टचा नियम लागूच नाही. नारिंगीवर पांढरा लोगो आहे तसाच राहणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती. मला ते विसाव्या दिवशी आठवलं.

बाकीचं सुरळीत झालं. चारशे टक्के मोठं केलं तरी पान आडवं सरकवावं लागू नये म्हणून दोन रकाने मोडून एकाखाली एक घेतले. मराठीला ओळींत जास्त जागा दिली, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला होता, म्हणजे दिसायला मराठी, पण कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा वाचतो, म्हणून सगळा नव्याने टाइप केला. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहायला विसरू नका, नाहीतर आवाज मराठीला इंग्रजी हेल काढतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, तपासायला तो पुरेसा आहे. अर्जातल्या रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट करड्यात लिहू नका. टाइप करायला लागलं की ते गायब होतं आणि माणूस विसरतो, आपण काय भरत होतो.

साइट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. काकांनी मान वाकडी करून "आठ पूर्णांक पाच" असं मोठ्याने वाचलं, आणि मी लहान मुलीसारखी खूश झाले.

परवा त्यांचा फोन आला. नवे दर लागलेत म्हणे, पण मोठं केलं की सगळं फाटून राहिलं. उघडून पाहिलं तर कोणीतरी नोटीस बोर्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो चढवलाय, वर कॅशियरचा शिक्का. फोन लावला. "घाई होती मॅडम. गुरुवारी या ना, बसून बोलू."