आमची वाटचाल: मिक्श्चरच्या स्क्रूपासून जुन्या टर्बोपर्यंत

आमचं गॅरेज चिकलठाण्याला, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. चालू केलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. तेव्हा कामाला यायच्या त्या पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जीप आणि नंतर मारुती ८००. गाडी स्लोला बंद पडते, काळा धूर मारते, पेट्रोल पिते अशी तक्रार आली की अण्णा कार्बोरेटरचे दोनच स्क्रू बघायचे, एक स्लोचा (उभ्या गाडीत इंजिन किती फिरतं त्याचा) आणि एक मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा). मिक्श्चरचा हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळायला लागलं की परत बाहेर, आवाज एकसारखा झाला की तिथंच सोडायचा, मग स्लो जागेवर आणायचा. काम झालं की सायलेन्सरपाशी उभं राहून वास घ्यायचे आणि मगच गिऱ्हाईकाला चावी द्यायचे. मी तेच बघत मोठा झालो.

मग २००० च्या आसपास प्रदूषणाचे नवे नियम आले, गाड्या एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशेबाने इंजेक्टरमधून पेट्रोल टाकणाऱ्या) झाल्या आणि स्क्रू गेले. बरेच जुने मिस्त्री तिथं थांबले, आम्ही थांबलो नाही कारण त्याच सुमाराला, २००१ ला, आमच्यापासून जालना रोडने थोडं पुढं शेंद्र्याला स्कोडाचा प्लांट चालू झाला आणि शहरात ऑक्टाव्हिया दिसायला लागल्या. त्यातली व्हीआरएस ही माझी सगळ्यात लाडकी गाडी, १७८१ सीसी, २० व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), १५० हॉर्सपॉवर, त्या काळात आपल्याकडं एवढी ताकद असलेली फॅमिली गाडी घेणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. नवीन होत्या तोवर सगळ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायच्या. वॉरंटी संपली, मालक बदलले, दुसऱ्या तिसऱ्या हातात गेल्या तशा आमच्याकडं यायला लागल्या, आणि जवळजवळ प्रत्येकाची तक्रार तीच जी अण्णांच्या काळात पद्मिनीची होती. सिग्नलला बंद पडते, आरपीएमची सुई वर खाली नाचते, पेट्रोलचा वास येतो.

फरक असा की तोपर्यंत प्रत्येक गाडीला पार्टांची लांबलचक लिस्ट लागून झालेली असायची. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, एअर मास सेन्सर बदलला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी जास्त करणारी झडप) धुतली, पन्नास साठ हजार घालून झाले आणि गाडी तिथंच. मला याचा मनापासून राग येतो, आजही येतो, कारण हा पैसा गिऱ्हाईकाच्या खिशातून जातो आणि "जुनी टर्बो म्हणजे डोकेदुखी" असं नाव मात्र गाडीचं खराब होतं. म्हणून आम्ही ठरवलं की आपल्याकडं आधी मोजायचं आणि मगच पार्टाला हात लावायचा. लॅपटॉप घेतला, या गाड्यांची खरी केबल घेतली, फ्युएल प्रेशरचं गेज घेतलं, आणि स्मोक मशीन घरीच बनवलं, पेंटच्या रिकाम्या डब्यात बेबी ऑइल, त्यात डिझेल गाडीचा ग्लो प्लग बॅटरीवर तापवायचा आणि कंप्रेसरची हवा रेग्युलेटर लावून अगदी हलकी सोडायची. दाट पांढरा धूर निघतो, तो इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, सोडला की जिथं भेग असेल तिथून बाहेर येतो. त्या डब्याने आम्हाला जेवढं काम दिलं तेवढं कुठल्याच महागड्या मशीनने दिलं नाही.

आता थोडं गाडीबद्दल सांगतो, कारण हे कळल्याशिवाय आमचं काम काय आहे ते कळत नाही. या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढं असतो, टर्बोच्या आधी. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवून पेट्रोल टाकतो. आता समजा इनटेक मॅनिफोल्डखालचा ब्रीदरचा (इंजिनातली तेलकट वाफ परत आत नेणारा) रबरी पाईप फुटलाय, आणि तो फुटतोच, तेल आणि उष्णता खाऊन खाऊन बोटाने दाबला की बिस्किटासारखा तुटतो. स्लोला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो त्यामुळं त्या भेगेतून न मोजलेली हवा आत खेचली जाते आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, स्लो नाचतो. तीच गाडी हायवेला नेऊन टर्बोचं प्रेशर चढवलं की मोजलेली हवा त्याच बाजूने बाहेर पडू शकते, पेट्रोल मात्र पूर्ण हवेचं पडलेलं, मग गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, मागं काळा धूर. भेग एकच, तक्रारी दोन आणि त्याही उलट्या. म्हणून नुसत्या तक्रारीवरून पार्ट सांगणारा माणूस या गाडीत फसतोच.

आम्ही सगळ्यात आधी लॅपटॉपवर फ्युएल ट्रिम बघतो, म्हणजे ईसीयूला ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (प्लस) किंवा कमी (मायनस) टाकावं लागतंय ते, या गाड्यांत ते ग्रुप ०३२ मध्ये दिसतं, दोन आकडे येतात, पहिला स्लोचा आणि दुसरा चालत्या गाडीचा. दहा टक्क्यांच्या आत दोन्ही बाजूला चालतं. पहिला प्लसमध्ये लांब गेलाय आणि दुसरा जागेवर आहे तर स्लोला कुठूनतरी हवा खेचतेय, स्मोक मशीन लावा. दोन्ही मायनसमध्ये तर पेट्रोल जास्त येतंय, मग फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बघायची, तिच्यात पेट्रोलचा ओला वास आला तर डायफ्राम (आतला पडदा) गेला, आणि टाकीची वाफ आणणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का तेही नळी चिमटीत दाबून बघायचं, दाबल्यावर स्लो सुधारला तर चोर सापडला. दोन्ही प्लस असतील तर हवेचा सेन्सर कमी मोजतोय किंवा पंप दमलाय. स्लोला गरम इंजिनवर या सेन्सरचा आकडा साधारण २ ते ४ ग्रॅम प्रति सेकंद येतो आणि पूर्ण रेसला हॉर्सपॉवरच्या ०.८ पट, म्हणजे १५० च्या गाडीला १२० च्या आसपास. सेन्सर खराब आहे असं म्हणायच्या आधी हे बघायला पाच मिनिटं लागतात.

एक नवीन गोष्ट अलीकडं या हिशेबात आलीय ती म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ नऊ टक्के पेट्रोल जास्त टाकावं लागतं. त्यामुळं जुन्या गाडीचे दोन्ही ट्रिम प्लस आठ नऊ दिसले तर लगेच घाबरून लीक शोधत बसायचं नाही. पण हेही खरं की त्या जागेवर थोडासा जरी लीक वाढला तरी चेक इंजिन पेटतो, आणि जुन्या रबराला हे पेट्रोल मानवत नाही, म्हणून वीस वर्षांच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या आम्ही दिसतील तशा बदलतोच.

एक गाडी सांगतो. जालन्याचे डॉक्टर, व्हीआरएस घेऊन आले, गाडी रिच, सकाळी स्टार्ट केली की गल्लीभर पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर, पीयूसीला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) लिमिट अर्धा टक्का तर गाडी कितीतरी वर, आणि स्पीडमधून न्यूट्रलला आली की बंद. दुसरीकडं नेहमीची सगळी लिस्ट बदलून झाली होती. डॉक्टरांनी चिडून विकायचीच ठरवली होती, मी म्हटलं, "साहेब, एक रात्र गाडी इथं राहू द्या, मला ती गार पाहिजे." सकाळी इंजिन स्टार्ट न करता नुसती चावी फिरवली आणि लॅपटॉप लावला. रात्रभर उभ्या गाडीचं हवेचं तापमान आणि कुलंटचं तापमान सारखंच दिसलं पाहिजे, इथं हवा २४ आणि कुलंट मायनसमध्ये. म्हणजे ईसीयूच्या मते गाडी बर्फात उभी होती आणि तो बिचारा त्या हिशेबाने पेट्रोल ओतत होता. आणि मीटरची सुई? ती रोज व्यवस्थित ९० वर यायची, म्हणून कोणाला संशयच आला नाही. या सेन्सरला चार पिना असतात, एकाच खोक्यात दोन सेन्सर, एक मीटरचा आणि एक ईसीयूचा, त्यातला ईसीयूचा मेला होता. सगळ्या बदललेल्या पार्टांपेक्षा स्वस्त असा तो सेन्सर, एक ओरिंग आणि एक क्लिप.

वास गेला, अ‍ॅव्हरेज आलं, पण न्यूट्रलला बंद पडणं राहिलंच. रेस करून सोडली की फुस्स असा मोठा आवाज, बॉनेट उघडल्यावर दिसलं की आधीच्या मालकाने मूळ डायव्हर्टर व्हॉल्व्ह काढून बाहेर हवा सोडणारा ब्लो ऑफ बसवलाय. आवाज ऐकायला भारी, पण ती हवा मोजून झालेली असते, मूळ व्हॉल्व्ह ती परत टर्बोच्या तोंडाशी नेतो, हा बाहेर फेकतो, त्या क्षणाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी, इंजिन गुदमरून बंद. मूळ व्हॉल्व्ह बसवला, थ्रॉटल बॉडी साफ करून लॅपटॉपवरून अ‍ॅडाप्टेशन केलं, कारण या गाडीत स्लोची मोटर थ्रॉटल बॉडीतच असते आणि साफ केल्यावर तिला शून्य कुठं आहे ते परत शिकवावं लागतं, नाहीतर स्लो चढलेला राहतो. डॉक्टर ती गाडी अजून चालवतात.

धंद्याच्या बाजूने सगळ्यात अवघड पाऊल म्हणजे तपासणीचे वेगळे पैसे घेणं. आपल्याकडं लोकांना पार्टाचे पैसे द्यायला काही वाटत नाही, पण "नुसतं बघायचे कसले पैसे" हे ऐकून ऐकून कान किटले. अण्णांनाही आधी पटलं नव्हतं. मी ठाम राहिलो, तपासणीचं बिल वेगळं, रिपोर्टचा कागद हातात, पुढचं काम आमच्याकडं करा नाहीतर दुसरीकडं, कागद तुमचा. काही गिऱ्हाईकं तुटली. पण ज्यांनी पैसे दिले त्यांनीच पुढं नगर, नाशिक, नांदेडहून गाड्या पाठवल्या, आणि आता दुसरे गॅरेजवालेही अडलं की गाडी घेऊन येतात, याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. आमच्याकडं शिकायला आलेल्या पोरांनाही पहिले काही महिने पान्याला हात न लावता आकडे लिहायला लावतो, प्रत्येक गाडीचं पान रजिस्टरला आहे, त्यामुळं तीच गाडी परत आली की मागचे ट्रिम समोर असतात. माझी पुतणी इंजिनिअरिंग करून आलीय, तिने ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणलाय, इंजेक्टरचे आणि कॉइलचे सिग्नल ती बघते आणि मी तिच्याकडून शिकतो.

कोणाला जुनी टर्बो आणायची असेल तर एवढं करा, गाडी आदल्या संध्याकाळी सोडा म्हणजे सकाळी गार मिळते, टाकीत पेट्रोल असू द्या कारण रोडवर चालवून आकडे घ्यावे लागतात, आतापर्यंत काय काय बदललं त्याची बिलं घेऊन या, आणि येण्याआधी कोणाकडून फॉल्ट कोड डिलीट करून घेऊ नका, कोड पुसले की बऱ्याचदा शिकलेले ट्रिमही जातात आणि मग ते परत यायला गाडी बरीच फिरवावी लागते.